पंक्चरला सहजी दाद न देणारा टायर निवडताना

‘पंक्चर न होणारा टायर कोणता?’ हा प्रश्न वाचक वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारतात. विचारणाऱ्यांत रोज कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जाणारे असतात, दिवाळीच्या सुट्टीत कोकण किनाऱ्याने गोव्याला निघणारे असतात, आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला जाणाऱ्या सायकलवारीची तयारी करणारेही असतात. या तिघांच्या गरजा निराळ्या, पण दुकानात तिघांनाही बहुधा एकच उत्तर मिळते : हा घ्या, सगळ्यात जाड आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. हवा भरायचा आणि कधीच पंक्चर न होणारा टायर कोणीही बनवत नाही. कमी पंक्चर होणारे टायर मिळतात. त्यांचे मोल मात्र पैशांबरोबर वजनात, वेगात आणि आरामातही द्यावे लागते. ते किती द्यायचे, हे दोन प्रश्नांवर ठरवा. तुमच्या सायकलचे पंक्चर नेमके कशाने होते? आणि ते झाले तर तुम्ही कुठे अडकता? कर्वे रस्त्यावर टायर बसला तर दहा मिनिटे चालत गेल्यावर दुकान मिळते. वरंधा घाटात संध्याकाळी सहाला बसला तर दुकान नाही, उजेड नाही आणि बहुतेक मोबाइलला रेंजही नाही. दुसऱ्या परिस्थितीसाठी घेतलेला टायर पहिल्या परिस्थितीत वर्षभर ओढत बसण्यात शहाणपण नाही.

आधी फुटलेली ट्यूब तपासा

पुढचे पंक्चर काढून घेताना ट्यूब लगेच पाण्याच्या घमेल्यात बुडवू देऊ नका. भोक कुठे आहे आणि कसे आहे, ते स्वतः पाहा. निम्म्या वाचकांना त्यातच कळेल की टायर बदलायची गरज नाही.

- बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक : काटा, तार, काच किंवा खिळा. संरक्षक टायरचा खरा उपयोग इथेच होतो.
- शेजारी शेजारी दोन चिरा : खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटली गेली. सायकलवाले याला ‘स्नेक बाइट’ म्हणतात. कारण बहुधा हवा कमी किंवा टायर फार अरुंद. कितीही भारी पट्ट्याचा टायर घेतला तरी कमी हवेवर हे होणारच.
- आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला भोक : रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या ताराचे टोक वर आले आहे. पन्नास-शंभर रुपयांची नवी रिम टेप लावा आणि टायरचे पैसे वाचवा.
- व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर : हवा कमी असल्याने ट्यूब टायरबरोबर सरकत राहिली, किंवा हवा भरताना पंप जोरजोरात हिसडला गेला.
- भोकच सापडत नाही, पण रात्रीत हवा जाते : व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये वालट्यूब कुजलेली असते, ती दोन-चार रुपयांत बदलून होते.

भोक बाहेरच्या बाजूला असेल तर ते करणारी वस्तू टायरमध्ये अजून असण्याची शक्यता मोठी असते. ती न काढता नवी ट्यूब घातली की दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. म्हणून टायर बसवताना त्यावरचे कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणून ठेवायची सवय लावा. ट्यूबचे भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजले की टायरमध्ये काटा कुठे शोधायचा, ते कळते. आतून बोट फिरवताना जपून. त्यापेक्षा कापसाचा बोळा फिरवा, तार असेल तिथे तो अडकतो.

आपल्या रस्त्यांवरचे शत्रू

प्रदेशाप्रमाणे हे बदलतात, म्हणून थोडे सविस्तर.

*सराटा.* कोरड्या माळावर, रस्त्याच्या साइडपट्टीवर पसरणारे, पिवळ्या फुलांचे हे रोपटे. पावसाळ्यानंतर त्याची फळे वाळतात आणि सुटी होतात. प्रत्येक तुकडा जमिनीवर कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. काटा फार लांब नसतो, त्यामुळे टायरमधला जाड रबरी थर त्याला चांगला अडवतो. सोलापूर, मराठवाडा, नगर या बाजूला राहणाऱ्यांनी जाड थराचा टायर घ्यायला हे एकच कारण पुरेसे आहे.

*बाभूळ आणि वेडी बाभूळ.* बांधावर, शेताच्या तोंडाशी कुंपण म्हणून टाकलेल्या फांद्या, किंवा रस्त्याकडेची झाडे छाटल्यावर पडलेला पाला. बाभळीचा काटा दोन इंचांचाही असतो. तो उभा घुसला तर कोणताच टायर वाचवणार नाही. आडवा-तिरपा आला तर संरक्षक थर त्याला बऱ्याचदा मोडतो किंवा वळवतो.

*महामार्गावरची तार.* सर्वात चिवट शत्रू हाच. मालमोटारीचा टायर फुटला की त्यातल्या पोलादी जाळीचे केसासारखे बारीक तुकडे साइडपट्टीवर विखुरतात. सायकल चालते नेमकी तिथेच. ही तार एका फटक्यात आत जात नाही. टायरमध्ये रुतते आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी पुढे सरकते. म्हणून महामार्गावरून आल्यावर टायर पाहायची सवय ही कोणत्याही पट्ट्याइतकीच कामाची आहे. सोबत छोटा चिमटा ठेवा, नखांनी ही तार निघत नाही.

*काच.* पावसात काच जास्त कापते, कारण ओले रबर सहज चिरले जाते. शिवाय ओल्या टायरला खडी आणि कचरा चिकटून फेऱ्यामागून फेरे फिरत राहतो. जून ते सप्टेंबरमध्ये पंक्चर वाढतात त्याचे हे कारण.

टायरच्या आत संरक्षण कशाचे असते

बाजारातल्या टायरांचे ढोबळ तीन प्रकार समजून घेतले तरी दुकानात गोंधळ होणार नाही.

पहिला प्रकार पातळ विणलेल्या पट्ट्याचा. रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली नायलॉन, पॉलिएस्टर, केव्हलार किंवा व्हेक्ट्रान अशा चिवट धाग्यांचा पट्टा असतो. वजन फारसे वाढत नाही, टायर वेगाने पळतो. काच आणि तिरप्या काट्यांपुढे तो टिकतो, सरळ घुसणाऱ्या बारीक तारेपुढे कमी. काँटिनेंटलचा गेटरस्किन याच घराण्यातला. त्याच्या बाजूंनाही संरक्षक कापड असते. ओल्या रस्त्यावर मात्र त्याच्या पकडीबद्दल बऱ्याच सायकलस्वारांची तक्रार असते. कोकणात पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी त्याच कंपनीचा ग्रां प्री फोर सीझन पाहावा. तो महाग आहे, पण त्यात व्हेक्ट्रानचे दोन थर असतात आणि त्याची ओल्यातली पकड बरी आहे.

दुसरा प्रकार जाड, लवचीक रबराच्या थराचा. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन टायरमध्ये हा थर 3 मिलिमीटरचा आहे, मॅरेथॉन प्लसमध्ये 5 मिलिमीटरचा. ड्रॉइंग पिन टोचली तरी ती मॅरेथॉन प्लसच्या थरातच थांबते. सराट्याच्या मुलखात याला तोड नाही. पण 37 मिलिमीटर रुंदीचा एक मॅरेथॉन प्लस नऊशे ग्रॅमच्या आसपास भरतो. साध्या हलक्या टायरच्या मानाने हे दुपटीहून जास्त. सायकल रेटायला जड जाते, चढावर ते जाणवते आणि खडबडीत रस्त्यावर टायर काहीसा ठोकळ्यासारखा वाटतो. ज्याला तो लागतो त्याला त्यासारखे दुसरे काही नाही. ज्याला लागत नाही त्याने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार नुसत्या जाड रबराचा, म्हणजे आपला नेहमीचा देशी टायर. लुधियानाच्या राल्सन, मेट्रो या कंपन्यांचे जाड नक्षीचे टायर घेऊन काळी सायकल वर्षानुवर्षे दूध घालते आणि तिचे पंक्चर फारसे होत नाही. वजन जास्त, वेग कमी, पण किंमत आयात टायरच्या एका छोट्या हिश्शाइतकीच. रोजचे अंतर पाच-सहा किलोमीटर असेल तर याहून अधिक खर्चाची गरज काय, हे स्वतःला विचारा.

लेबल वाचताना फसू नका

- ‘केव्हलार’ कुठे आहे? घडी घालता येणाऱ्या टायरच्या कडेत पोलादी तारेऐवजी केव्हलारचा धागा असतो. टायरवर लिहिलेले ‘केव्हलार’ हे या कडेबद्दल असू शकते. त्याचा पंक्चरशी संबंध नाही. पट्टा रस्त्याकडच्या रबराखाली आहे का, ते विचारा.
- टीपीआय जास्त म्हणजे टायर मजबूत, असे नव्हे. हा आकडा कापडाच्या विणीचा. वीण बारीक असली की टायर मऊ आणि वेगवान होतो, पण त्याच्या बाजू बहुधा पातळ असतात.
- खोल नक्षी म्हणजे संरक्षण नव्हे. डोंगरी टायरच्या ठोकळ्यांमधल्या फटीत रबर पातळच असते. डांबरी रस्त्यावर ते नुसते आवाज करतात आणि दमवतात.
- ‘पंक्चरप्रूफ’ असे छापलेले असेल तर संरक्षण कशाचे आहे ते खाली शोधा. काहीच लिहिलेले नसेल तर ती जाहिरात समजा.

मापाचे आकडे : इथे पैसे वाया जातात

‘सव्वीसचा टायर द्या’ म्हणून आणलेला टायर रिमवर बसत नाही, ही तक्रार नेहमीची. इंचांची मापे जुनी आणि गोंधळाची आहेत. टायरच्या बाजूला 37-622 असा जोडआकडा कोरलेला असतो, त्यावरच विश्वास ठेवा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर जिथे रिमवर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे.

- 700सी आणि 29 इंच, दोन्ही 622. फरक फक्त रुंदीचा.
- 27.5 इंच म्हणजे 584.
- 26 इंची डोंगरी सायकल 559. पण 26×1⅜ म्हणजे 590, आणि 26×1½ म्हणजे 584. तिन्ही ‘सव्वीस’च म्हणवतात आणि एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत.
- काळ्या सायकलचा 28×1½ म्हणजे 635. युरोपी कंपन्या 622 च्या टायरवरही ‘28’ छापतात. तो 635 च्या रिमवर चढणारच नाही.

पहिला आकडा थोडा बदलता येतो. त्याआधी ब्रेक, फ्रेमचा चिमटा आणि मडगार्ड यांच्यात जागा किती आहे ते मोजा. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर निदान 4 ते 6 मिलिमीटर मोकळे राहायला हवेत. कोकणातला लाल चिखल याहून कमी जागेत अडकून चाक थांबवतो.

रुंदी वाढवा, निम्मे काम होते

हा सल्ला स्वस्त असल्यामुळे दुकानात क्वचित मिळतो. 28 वरून 35 किंवा 40 मिलिमीटरवर गेलात की हवा कमी ठेवता येते, खड्ड्यात ट्यूब चिमटत नाही आणि कमी दाबाचा टायर खडा-काच यांच्यावरून स्वतः वाकून जातो. मनगटे आणि पाठ यांना मिळणारा आराम वेगळाच. रुंद टायर हळू असतो, हा समज आपल्या रस्त्यांवर तरी खरा ठरत नाही. खडबडीत डांबरावर टणक अरुंद टायर उड्या मारतो आणि तुमची शक्ती त्या उड्यांत जाते.

कोणी कोणता घ्यावा

*शहरात रोज, वीस किलोमीटरपर्यंत :* 35 ते 40 मिलिमीटर, साधा पट्टा किंवा 3 मिलिमीटरचा थर. मॅरेथॉन प्लस इथे बहुतेकांना नको. वर्षात एखाददुसरे पंक्चर ज्याला परवडते त्याने पाय हलके ठेवावेत. रात्रपाळीला जाणाऱ्यांनी, विशेषतः सुनसान रस्त्याने घरी येणाऱ्यांनी हा हिशेब वेगळा करावा. त्यांना 5 मिलिमीटरचा थर वजनासह परवडतो.

*महामार्गाने रोज :* जाड थर, किमान मागच्या चाकाला. पंक्चर मागेच जास्त होतात. भार तिथे जास्त असतो, आणि पुढचे चाक आडव्या पडलेल्या खिळ्याला उभे करून मागच्याच्या पुढ्यात ठेवते. म्हणून मागे जड संरक्षक टायर आणि पुढे मध्यम, अशी जोडी लावायला हरकत नाही. दोन्ही सारखेच हवेत, हा नियम कुठेही नाही.

*ब्रेव्हे आणि लांब पल्ल्याची एकदिवसीय सायकलिंग :* 28 ते 32 मिलिमीटर, विणलेल्या पट्ट्याचा. 200 ते 600 किलोमीटरच्या ब्रेव्हेत (बीआरएम) वेळेचे बंधन असते. तिथे दोन जड टायर ओढण्यापेक्षा एक पंक्चर दहा मिनिटांत काढता येणे जास्त मोलाचे. सराव घरी करा, अंधारात करा.

*सामान लादून अनेक दिवसांचा दौरा :* 37 ते 50 मिलिमीटर, जाड थर आणि मजबूत बाजू. बाजूंकडे लोक दुर्लक्ष करतात. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर टायरची बाजू दगडाला घासून फाटते, आणि मधला पट्टा कितीही भारी असला तरी तिथे तो नसतो. रेवदंड्यापासून खाली उतरणाऱ्या सागरी मार्गावर दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या ओलांडत जाताना दोन गावांत अंतर फार नसते, पण तुमच्या मापाचा टायर तालुक्याच्या ठिकाणीही मिळेलच असे नाही. नवी सायकल घेणार असाल तर टायरबरोबर व्हॉल्व्हचाही विचार करा. गावात मिळणाऱ्या ट्यूबला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह किंवा जुना वालट्यूबचा व्हॉल्व्ह असतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या रिमच्या भोकातून हे दोन्ही जात नाहीत.

*जुनी काळी सायकल, कामावर नेणारे :* चांगला देशी टायर, वेळेवर हवा, आणि मधला भाग सपाट झाला की नवा. एवढे पुरे.

टायर न बदलता काय करता येते

*आतली पट्टी,* म्हणजे टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची प्लास्टिकची फीत. सराट्यावर गुणकारी, स्वस्त. पण तिची कापलेली टोके ट्यूबला घासून तीच पंक्चर करतात. टोके गोल कापा, घासपेपरने गुळगुळीत करा आणि जिथे ती एकमेकांवर येतात तिथे ट्यूबवर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा.

*ट्यूबमध्ये भरायचे जेल.* बारीक भोके आपोआप बुजतात. मोठी चीर बुजत नाही, आणि मग जेल सगळीकडे पसरलेले असल्याने ठिगळ चिकटत नाही. पंक्चरवाले कुरकुर करतात ती योग्यच आहे. रोजच्या शहरी वापराला चालेल, दौऱ्याला नको.

*जाड ट्यूब.* जड असते, पण काट्याच्या भागात देशी टायरबरोबर चांगली जोडी जमते.

*ट्यूबलेस.* काट्यांच्या प्रदेशात हा उपाय उत्तम. काटा गेला तरी आतले द्रव भोक बुजवते आणि बऱ्याचदा तुम्हाला पत्ताही लागत नाही. मात्र रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठीच बनवलेले लागतात. आपल्या उन्हाळ्यात द्रव काही महिन्यांतच वाळते, ते पुन्हा भरावे लागते. द्रवाची बाटली आणि एक साधी ट्यूब सोबत ठेवण्याची तयारी असेल तरच या वाटेला जा.

*भरीव टायर.* पंक्चरचा प्रश्नच मिटतो आणि पाठीचा सुरू होतो. खड्ड्यांचा मार थेट रिम, तारा आणि तुमच्यावर येतो. भाड्याच्या सायकलींना ठीक, स्वतःच्या सायकलला शक्यतो नको.

हवा : फुकटचे संरक्षण

अंगठ्याने टायर दाबून हवा पाहायची सवय सोडा. जाड थराचा टायर हवा निम्मी झाली तरी अंगठ्याला टणकच लागतो. दाब दाखवणारा उभा पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा भरा, कारण भोक नसतानाही ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपते.

साधारण 70 किलो वजनाच्या माणसासाठी मागच्या चाकात सुरुवातीला एवढी हवा धरा :

- 28 मिमी : 80 पीएसआयच्या आसपास
- 32 मिमी : 65
- 37 मिमी : 55
- 47 ते 50 मिमी : 40

पुढे याहून दहा टक्के कमी. मागे सामान असेल किंवा वजन जास्त असेल तर त्या प्रमाणात वाढवा. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल-किमान मर्यादेबाहेर मात्र जाऊ नका.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ असे सर्रास सांगितले जाते. विदर्भाच्या उन्हातही तापलेल्या टायरचा दाब काही पीएसआयनेच वाढतो. मर्यादेच्या काठावर भरलेली नसेल तर हवा कमी करण्याची गरज नाही. उलट कमी केलीत तर चिमटा बसून पंक्चर होईल. उन्हात सायकल उभी असताना ट्यूब फुटते, तेव्हा बहुधा टायर रिमवर नीट बसलेला नसतो किंवा जुने ठिगळ सुटलेले असते. घाट उतरताना गोष्ट वेगळी. रिमला घासणारे ब्रेक असतील आणि सामान लादलेले असेल, तर सलग ब्रेक धरल्याने रिम खरोखर तापते. आंबोली किंवा कुंभार्लीसारख्या घाटात ब्रेक सोडत-धरत उतरा, मध्येच थांबून रिम निवू द्या.

दुकानातल्या कंप्रेसरने अरुंद टायरमध्ये हवा भरून घेताना सावध राहा. छोटी ट्यूब दोन सेकंदांत मर्यादा ओलांडते. प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी नोझल खिशात असू द्या, म्हणजे कुठेही हवा भरता येते.

बसवताना आणि वापरताना

जाड थराचे टायर रिमवर चढवायला कठीण असतात. पंक्चरवाला लोखंडी पाना किंवा स्क्रूड्रायव्हर काढायच्या आत त्याला थांबवा, कारण नव्या ट्यूबला भोक तिथेच पडते. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. बसवलेली कड सतत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत राहा, म्हणजे शेवटच्या वीतभर भागाला ढिलाई मिळते. साबणाचे पाणी लावले तर काम आणखी सोपे. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, नाहीतर ती कडेखाली अडकते. बाजूवर बाण असेल तर चाक फिरण्याची दिशा त्याप्रमाणे ठेवा.

मागचा टायर आधी झिजतो. दोन्ही टायर एकाच प्रकारचे असतील तर नवा आणलात की पुढचा मागे टाका आणि नवा पुढे लावा. पुढचा टायर अचानक फुटणे जास्त धोक्याचे असते. मधला भाग सपाट झाला, धागे दिसू लागले किंवा आठवड्याआड पंक्चर होऊ लागले, की टायरचे आयुष्य संपले असे समजा. ठिगळांवर पैसे घालवू नका.

दौऱ्यावर सोबत काय

- दोन ट्यूब. टीपीयू या पातळ प्लास्टिकची ट्यूब मुठीत मावते म्हणून राखीव ठेवायला छान, पण तिला नेहमीचे सोल्युशन चालत नाही, वेगळे ठिगळ लागते.
- ठिगळे, घासपेपर आणि सोल्युशनची न उघडलेली नळी. एकदा उघडलेली नळी महिन्याभरात वाळून गेलेली असते. सोल्युशन लावल्यावर ते कोरडे होईपर्यंत थांबा, मगच ठिगळ दाबा. बहुतेक ठिगळे या घाईपायी सुटतात.
- प्लास्टिकचे दोन-तीन टायर लिव्हर, पंप, चिमटा.
- जुन्या टायरचा कापलेला वीतभर तुकडा. टायर फाटला तर आतून आधार म्हणून लावता येतो आणि पुढच्या गावापर्यंत पोहोचता येते.
- पाच-सहा दिवसांहून मोठा दौरा असेल आणि माप सहज मिळणारे नसेल तर घडीचा एक हलका टायर.

खरेदी, पावती आणि तुमचे हक्क

दोन टायरांना चार-सहा हजार मोजायचे असतील तर छापील पावती घ्याच. पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर टायरचे नाव आणि 37-622 सारखे माप लिहून घ्या, म्हणजे चुकीचे माप दिल्याचा वाद उरत नाही.

आयात टायरच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असायला हवी. ती नसेल तर माल कोणत्या वाटेने आला, ते विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. अमेरिका-युरोपातून येणाऱ्या नातलगांकडून टायर मागवणारेही बरेच आहेत. घडीचा टायर बॅगेत सहज बसतो, पण त्याच्याबद्दल इथला विक्रेता जबाबदारी घेणार नाही, हे धरून चाला.

तक्रार कशाची करता येते, हे नीट समजून घ्या. पंक्चर झाले हा टायरचा दोष नव्हे, आणि झीजही नव्हे. नव्या टायरला फुगवटा येणे, तो रिमवर नीट बसूनही वाकडा फिरणे, कडेची तार सुटणे, दुकानात पडून राहिल्याने बाजूंना भेगा असणे, हे दोष आहेत. टायर घेताना बाजू बोटांनी दुमडून भेगा पाहा. दोष दिसताच फोटो काढा आणि तो टायर पुढे वापरू नका.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे पावतीवर छापलेले असले तरी घाबरू नका. दोष असलेला माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणे, हीही अनुचित प्रथाच आहे. ऑनलाइन घेतला असेल तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते.

दाद लागली नाही तर क्रम असा :

1. दुकानदाराला किंवा आयातदाराला लेखी तक्रार, ई-मेल चालतो.
2. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद. बरीच प्रकरणे इथेच मिटतात.
3. जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षे.

आयोगापुढे जायची वेळ आली तर पावती, वेष्टन आणि फोटो यांच्याबरोबर तो टायरही लागेल. निकाल लागेपर्यंत तो भंगारात देऊ नका.